उपचारांशी संबंध नाही

नैराश्यावरच्या एका नव्या मानसोपचाराचे देशोदेशीचे छोटे छोटे अभ्यास आम्ही एकत्र जोखले, आणि एकूण निकाल झकास आला. आमच्याकडे, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये, ज्याची आनंदाची बातमी, केकही त्यानेच आणायचा. म्हणून आमचा प्रमुख वीबे सफरचंदाचा केक कापत होता.

"वीबे, थांब जरा," मी म्हणाले. "प्रत्येक अभ्यासाच्या शेवटी तेच वाक्य आहे. 'शेवटच्या भेटीच्या दिवशी एका रुग्णाने जीव दिला; उपचारांशी संबंध नाही.'"

"अगं फेना, ही माणसं आधीच खचलेली. एखादा जायचाच. केक घे."

"एखादाच रे! प्रत्येकानं हेच म्हणून सोडून दिलंय. पण सगळीकडे? आणि त्याच दिवशी?"

सुरी केकमध्येच राहिली. शेजारच्या लेवार्डन शहरात हेच उपचार सध्या चालू होते. वीबेने घाईघाईने तिथे ते देणाऱ्या हिल्केला फोन लावला.

"आमचे सगळे मजेत आहेत!" हिल्के हसली. "आज शेवटची भेट, सगळे जमलेत."

 

ती पुढे म्हणाली, "फक्त एक जण यायचाय. बोट जाऊ द्यायला कालव्यावरचा पूल उघडला असेल, पलीकडे अडकला असेल बिचारा."