केबिन आनंदाची

“आईला ठाण्याला न्यायचं ते आपल्याच गाडीतून. दाराकडेला बसवायचं, वारा लागेल असं. विसरू नको.”

आवारात शिरताना लक्ष्मीच्या कानात नवऱ्याचं हेच बोलणं होतं. गेल्या पावसाळ्यात आनंदा तापाने गेला, आणि त्याची गाडी तेव्हापासून कल्याणच्या दूधनाक्यामागे ह्या आवारात उभी होती. इंजिन जाम झालेलं, पुन्हा सुरू होण्यातलं नव्हतं. शेजारी त्याच्या मित्राची, उत्तमची गाडी. तशीच छोटी, मालवाहू, डिझेलची, तितकीच जुनी. तिचं इंजिन ठणठणीत, पण चिंचेची फांदी पडून केबिन पार चेपली होती. आनंदाची केबिन उतरवून आपल्या गाडीवर चढवायची, हे उत्तमनेच सुचवलं होतं.

घाई सासूबाईंसाठी होती. खडवलीला हौसाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि ठाण्याच्या डॉक्टरांनी आता लांबवू नका म्हणून बजावलं होतं. पण आगगाडी नको, एसटी नको. “माझा लेक त्याच्या गाडीतून नेणार होता. तिच्यातूनच जाईन, नाहीतर आहे तशी बरी आहे,” म्हणून त्या हटून बसल्या होत्या.

लष्कराच्या लिलावातून आणलेली चेनकप्पी गोपीनाथ मिस्त्रींनी तीन वाशांच्या तिकाटण्याला टांगली आणि साखळी ओढून पाहिली.

“चला, हिचं मुंडकं उडवलं की निम्मं काम झालं.”

“आज संकष्टी आहे मिस्त्री. असं काय बोलता?”

“आमच्यात केबिनला मुंडकंच म्हणतात, वहिनी. खाली राहतं ते धड.”

“म्हणा काय ते. पण जरा थांबा. आत देव आहे.”

लक्ष्मी पायरीवर चढली. काचेच्या वर गणपतीची लहानशी तसबीर होती. देव हलवायचा तर त्याला सांगून हलवायचा. तिने पदराच्या गाठीतल्या अक्षता तसबिरीवर वाहिल्या आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा समोरच्या फळीवर, दाराच्या बाजूला, हाताचा पंजा दिसला. गाडी नवी आली त्या दिवशी हौसाबाईंनी कुंकवात बुडवून उठवलेला. आता तो तपकिरी झाला होता. आनंदाने तिथून कधी फडकं फिरवू दिलं नव्हतं.

ती उतरली तसा उत्तम हळूच म्हणाला, “वहिनी, त्यांना कुठे दिसणार आहे? आनंदाचीच गाडी दुरुस्त झाली म्हणून सांगू. निमूट बसतील.”

“दिसत नाही म्हणून खोटं सांगू?”

“मग खरं सांगून त्या नाहीच बसल्या तर?”

लक्ष्मी चिंचेच्या बुंध्याशी जाऊन बसली आणि ओठातल्या ओठात जप करू लागली.

बोल्ट गंजले होते. मिस्त्रींनी रॉकेल सोडलं, ठोकलं, पान्याला पाइप लावून जोर केला. दुपार कलल्यावर केबिन एकदाची सुटली आणि साखळीला लोंबकळत वर गेली. खाली आनंदाच्या गाडीचं उघडं इंजिन राहिलं. लक्ष्मीने तिकडे पाहिलं आणि नजर वळवली. वर, काचेच्या आत, तसबीर डुलत होती. ती बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली.

“उत्तमभाऊजी,” ती उठून म्हणाली, “मी खरंच सांगणार. मुंडकं ह्यांचं, धड तुमचं.”

“अहो, पण त्या म्हणतील, ही गाडी त्याची नव्हे.”

“गणपतीचं तरी काय झालं होतं? पार्वतीआईने म्हटलं का, हा माझा नव्हे म्हणून?”

मिस्त्री साखळी धरून हसले. “म्हणजे आज मी शंकर झालो म्हणायचं.”

“कसले शंकर,” उत्तम म्हणाला. “त्यांनी एका घावात काम केलं. तुम्हाला सकाळपासून चार बोल्ट निघेनात.”

केबिन उत्तमच्या गाडीवर टेकली तेव्हा भोकं बोटभर चुकली. मिस्त्रींनी नवी पाडली, मध्ये जुन्या टायरचे तुकडे घातले, पुन्हा टेकवली. ह्या वेळी बसली. उत्तमने पुढे जाऊन हँडल मारलं. गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि धडधडू लागली. आनंदाच्या दाराची सैल काच त्या धडधडीने वाजायला लागली. पूर्वी वाजायची तशीच.

मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट बसवली. “जाऊन या.”

उत्तमने आभाळाकडे बघितलं. “ढग आलेत, वहिनी. तुमचा उपास. खडवलीला आज चंद्र दिसेलसं वाटत नाही.”

“आज पंचांगातली वेळ बघून सोडीन. पुढच्या संकष्टीला सासूबाईच सांगतील, उगवला म्हणून.”

ती आत चढली आणि सरकून मधोमध, गियरच्या दांड्याला पाय लागू न देता, अंग चोरून बसली. पंजासमोरची, दाराकडेची जागा तिने मोकळी ठेवली. गाडी खडवलीच्या रस्त्याला लागली.