फान्यानासाठी तीन फेऱ्या

मृत्यूपुढे सगळे सारखे. सोवेटोत मात्र ज्याच्या कबरीच्या खड्ड्याभोवती गाडी गरगर फिरते, तो इतरांपेक्षा जरा वरचढ मेला असं धरतात. म्हणूनच शुक्रवारी सकाळी मोखेती मेकॅनिक एका लाल गाडीखाली उताणा पडला होता आणि त्याच्या छातीवर मागची चाकं फिरवणारा पस्तीस किलोचा डिफ्रन्शियल होता.

"बोल्ट दे," तो म्हणाला.

गाडीचा मालक लुंगेलो शेजारी उकिडवा बसला होता. त्याने बोल्ट उजेडात धरून फिरवून पाहिला.

"याचे आटे गेलेत का रे?"

"लुंगेलो, माझ्या छातीवर लोखंड आहे."

"असू दे. फान्यानाचं काम आहे, घाई नको."

गाडी तीस वर्षांची, दोन दारांची, काळ्या काचांची स्पोर्ट्स कार. असल्या गाडीला तिथे गुशेशे म्हणतात. अठरा वर्षं लुंगेलो त्या गुशेशेचा राजा होता. गाडी भोवऱ्यासारखी फिरत असताना तो खिडकीतून बाहेर यायचा, मैदानाच्या मधोमध उभा राहायचा आणि टोपी काढायचा. रिकामी गाडी धूर ओकत त्याच्याभोवती फिरत राहायची. बायका किंचाळायच्या. असं करणारा दुसरा कोणी अख्ख्या जोहान्सबर्गात नव्हता.

त्याचा मित्र फान्याना टायर उचलायचा, पाणी आणायचा. खेळ सुरू झाला की तो गर्दीत कुठे दिसायचा नाही. बुटकाच होता. गेल्या आठवड्यात साखरेच्या आजाराने तो गेला आणि जाताना सांगून गेला, की माझ्या खड्ड्याभोवती गुशेशेच्या तीन फेऱ्या झाल्या पाहिजेत.

आणि गुशेशेचा डिफ्रन्शियल तर झिजून गेलेला. दोन्ही मागची चाकं एकदम फिरावीत म्हणून आत वेल्डिंग केलेलं, त्यामुळे दातांची चाळण झाली होती. मोखेतीने सोमवारी भंगारातून दुसरा आणला. लुंगेलोने तो हाताने फिरवला, कान लावला आणि 'रडतोय' म्हणून परत पाठवला. बुधवारचा त्याला हलका वाटला. हा तिसरा.

"मित्र असावा तर असा," मोखेती बायकोला म्हणाला होता. "मेलेल्यासाठी इतकं कोण बघतं?"

फाटक वाजलं. फान्यानाचा मामा आला. तो आता सगळ्या गल्लीचाच मामा होता. काळा सूट, हातात कागदात गुंडाळलेले वडे.

"जेवणाची गाय आली, तंबू आला, पाद्री आला. तुझीच गाडी राहिली, लुंगेलो."

"मामा, माझी कंबर धरलीय."

"उद्या अकरानंतर धरू दे. दहाला दफन आहे."

"स्मशानात आता गाड्या फिरवू देत नाहीत म्हणे."

"रखवालदार माझा साडू आहे. सकाळीच बोललो."

मामा उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला आणि वडा खाऊ लागला.

"बहीण सुतकाच्या गादीवरून उठलेली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारते, गाडी झाली का. पोराची शेवटची इच्छा. सांगताना हसत होता बघ. 'लुंगेलो बघून घेईल' म्हणाला, हसला आणि गेला. तुझ्यावर केवढा जीव."

"मामा, मला एक सांगायचंय."

"दफन झाल्यावर सांग."

"बोल्ट," गाडीखालून घुसमटलेला आवाज आला.

मामाने लुंगेलोच्या हातातले बोल्ट काढून घेतले आणि एकेक करून खाली दिले. शेवटी चौथा सापडेना. लुंगेलोने खिसे चाचपले, माती चाचपली, तोंड पाडलं.

"आज राहू दे, मोखेती. तीन बोल्टवर कसं चालेल?"

"तीन फेऱ्या तर मारायच्यात," मोखेती म्हणाला. "फेरीला एक."

दुपारपर्यंत शाफ्ट जोडले, तेल भरलं, गाडी विटांवरून उतरली. मोखेती हात पुसत उभा राहिला.

"बस. एक चक्कर मारून बघ."

"तूच मार," लुंगेलो म्हणाला. "माझा तुझ्यावर विश्वास आहे."

मोखेतीला भरून आलं. बावीस वर्षांच्या धंद्यात असं एकही गिऱ्हाईक म्हणालं नव्हतं. तो आत बसला तर सीट पार पुढे ओढलेली, गुडघे स्टिअरिंगला टेकले. त्याने ती मागे सरकवली आणि गल्लीच्या टोकाला जाऊन आला. घरघर नाही, खडखड नाही. लोण्यासारखी.

"कशी आहे?" मामाने विचारलं.

"नवी नवरी."

लुंगेलोने मान हलवली. त्याच्या कपाळावर घाम होता. "उद्या तूच ने गाडी," तो म्हणाला. "मी फान्यानाच्या पेटीबरोबर बसमधून येतो."

"मित्राची जागा मित्राजवळच," मामा म्हणाला आणि त्याने डोळे टिपले.

शनिवारी दहा वाजता स्मशानात सहाशे माणसं होती. माणसं भिंतींवर, मिनीबसच्या टपांवर चढली होती. फान्यानाच्या आईला दोघींनी धरून आणलं होतं. पाद्र्याने प्रार्थना आटोपती घेतली, कारण त्यालाही बघायचं होतं. पेटी खड्ड्याच्या काठावर ठेवली. भोवती मोकळी जागा सोडली होती.

मोखेती गाडी तिथवर घेऊन आला, इंजिन चालूच ठेवलं आणि उतरून दार धरून उभा राहिला. लुंगेलोने मागे पाहिलं. मागे सहाशे माणसं होती. बाजूला मामा होता.

"जा, पोरा," मामा म्हणाला. "त्याच्याभोवती फिरव."

लुंगेलो आत बसला. मोखेतीने दार लावलं. लोकांनी मोबाइल वर केले. इंजिन धडधडत होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. "प्रार्थना करतोय," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी टोप्या काढल्या.

अठरा वर्षं त्या काळ्या काचांआड गाडी चालवणारा माणूस पेटीत होता, आणि लुंगेलोला पहिला गिअरसुद्धा टाकता येत नव्हता.