कौलानंतर

शेवंतीकाकीचं नाव घेऊन गुरवाने कौल लावला आणि देवीच्या उजव्या खांद्यावरची कळी खाली पडली. भांडणं नकोत म्हणून यंदाचा सरपंच देवीनेच निवडायचा, असं गावाने ठरवलं होतं.

"देवीने होकार दिला. आता मतदान कशाला?" माजी सरपंच भिकाजीभाऊ म्हणाले.

काकीला ते पद मनापासून हवं होतं. तरी एक शंका तिला गप्प बसू देईना. "उद्या मी नळाला पाणी आणलं नाही, तर मला खाली कोण उतरवणार?"

"देवीने बसवलेल्या बाईला कोण हात लावेल, काकी?"

"मग मला गावाचीच मतं हवीत. तुम्हीही अर्ज भरा, भाऊ."

"आणि पडलात तर?"

काकी देवीकडे बघून हसली. "पडेन. तिची ओटी भरायला काही सरपंच असावं लागत नाही."