घरची बुरशी

सुश्रुत सर सफरचंदांची पिशवी घेऊन आले, तेव्हा कलावती पलंगावर उठून बसली. खोलीत एकच खुर्ची. तिच्यावरचे कपडे ओढून तिने पलंगाखाली ढकलले.

"बसा ना सर. घर आमचं हे असं."

"अहो मावशी, झोपा तुम्ही. कंपनीने मुद्दाम बघायला पाठवलंय."

कंपनी मानपाड्याला. तिथे गरम खोलीत हिरड्याच्या भुग्यावर काळी बुरशी वाढवतात. तिच्यातून जे एन्झाइम काढतात, ते चामड्याच्या कारखान्यांचं तपकिरी पाणी साफ करतं. कलावती तिथे ट्रे खरवडायची. खरवडलं की काळी पूड उडायची, नाकातोंडात जायची. आता तिला खोकल्याची उबळ येते, जिना चढली तरी धाप लागते. डॉक्टर म्हणाला, ही बुरशीच फुप्फुसात गेलीय. इलाजाचा खर्च कंपनी देणार की नाही, ते सर ठरवणार होते.

"मास्क दिलेला ना?" सरांनी विचारलं.

"दिलेला की. एकच. धुऊन धुऊन चाळण झाली त्याची." कलावतीची पोरगी दर्शना दारातूनच बोलली.

"तुला विचारलं कोणी?" कलावती म्हणाली.

सर हसले. "मावशी, तुमच्या हातची बुरशी पार कानपूरला जाते, माहितीये? नाले साफ होतात तिकडे."

"काय सांगता!" कलावतीचा चेहरा फुलला.

सरांची नजर पलंगामागे गेली. कोपऱ्यात भिंतीला ओल, तिच्यावर काळे ठिपके. कलावतीने पटकन उशी उभी केली.

"तिकडे बघू नका सर. वरच्यांचा पाइप गळतो. कितीपण पुसा, बुरशी येतेच. कोण आलं की लाज वाटते."

"कधीपासून आहे?"

"राहायला आलो तेव्हापासून."

सरांनी उशी बाजूला केली. फोटो काढला. मग वाकून, जवळून अजून एक.

"मावशी, आता बोललात ना, तेच परत बोलाल? व्हिडिओ घेतो. केस पुढे पाठवायला लागतो."

दर्शना तरातरा आत आली. "आई, एक शब्द बोलू नको. हे सांगणार, खोकला घरच्या भिंतीमुळे झाला, कंपनीत नाही झाला. हात वर करणार!"

"तसं काही नसतं गं. फॉर्मॅलिटी आहे." सर फोन सरळ करत होते.

"मग तुमच्या ट्रेचा पण काढा ना व्हिडिओ! काढा की!"

"दर्शे!" कलावती ओरडली. "शाळा सोडून बसलीस, नि सरांना अक्कल शिकवतेस? आजारी माणसाला बघायला घरी आलेत ते. जा, चहा ठेव."

दर्शना जागची हलली नाही.

कलावतीने गाऊनवर ओढणी घेतली, केस मागे सारले. भिंत नीट दिसावी म्हणून थोडी बाजूला सरकली.

"आमच्या घरात बुरशी आहे," ती फोनकडे बघून म्हणाली. "राहायला आलो तेव्हापासून..."

आणि खोकला सुटला. ती छाती धरून वाकली. थांबेचना.

सरांनी फोन खाली घेतला. वाट बघितली.

"परत घेऊ या मावशी. मध्ये खोकला नको. आवाज नीट येत नाही."

"हां सर."

कलावतीने ओठ घट्ट मिटले. मान थरथरली, डोळ्यांतून पाणी आलं, पण खोकला तिने आतच दाबला. मग हसली, आणि हातानेच खूण केली, घ्या.