ताईचं कर्णफूल

दुकानदाराने मायक्रोवेव्ह पुढे केला, तशी कुमुदने मान हलवली. "हा नको. पॉलिमर क्लेचा दागिना भाजायचाय. आच शेवटपर्यंत एकसारखी राहील, असा ओव्हन दाखवा."

"मग हा मोठा ओटीजी घ्या, काकू. छोट्यात वस्तू रॉडच्या फार जवळ येते, करपते. तुम्ही करता का दागिने?"

"माझी ताई करायची. पावसाळ्यात गेली ती."

ताईने घडवलेलं शेवटचं कर्णफूल टाइलवर कच्चंच राहिलं होतं. त्याच्या पाकळीवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. ही क्ले भाजेपर्यंत मऊच राहते. हात लागला तर ठसा पुसला जाईल, या भीतीने कुमुद ते रोज नुसतं बघायची आणि वर झाकण घालून ठेवायची.

ओव्हन घरी आला. आधी तिने उरलेल्या क्लेची एक गोळी भाजून पाहिली. ती नीट भाजली गेली, तेव्हा कुठे कर्णफूल टाइलसकट आत ठेवलं आणि ते होईपर्यंत ती काचेसमोरून हलली नाही.

पुरतं निवल्यावर तिने ते तळहातावर घेतलं. ताईच्या ठशावर आपला अंगठा टेकवला, आणि कितीतरी वेळ उचललाच नाही.