नोराबाईंचा टेबलक्लॉथ

"टेबलक्लॉथ दिसला नाही, तर माझं दार वाजव बरं का," असं शेजारच्या नोराबाईंनी मेधाला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मेधाने "ग्रँड, ग्रँड" म्हणून मान डोलावली, दार लावलं आणि बाईंनी हात लावलेली कडी सॅनिटायझरने पुसून काढली.

दोन्ही घरं आयर्लंडातल्या कोव्ह बंदराच्या टेकडीवर, स्टेशनच्या बरोब्बर डोक्यावर. एकेकाळी या स्टेशनात बोटीच्या गाड्या लागत. साऱ्या आयर्लंडातून पोरंपोरी भरून आणायच्या आणि बंदराच्या तोंडाशी थांबलेल्या अमेरिकेच्या जहाजांच्या हवाली करायच्या. ती जहाजं कधीच बंद झाली. आता कॉर्कहून साधी गाडी येते, आणि लॉकडाऊनच्या त्या हिवाळ्यात तर तीही जवळजवळ रिकामी. पण पंच्याऐंशीच्या नोराबाईंना हे कोणी कळवलं नसावं. सकाळची गाडी वळणावर आली की त्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून पांढरा टेबलक्लॉथ फडकवत. रिकाम्या डब्यांना!

मेधाला आयतीच करमणूक झाली. नवरा सिद्धांत बंदरापलीकडे रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात दिवसदिवस अडकलेला. आई बाळंतपणाला यायची होती, तर विमानंच बंद झाली आणि ती पुण्यात राहिली. घरात फक्त मेधा आणि तान्ही नीहू. मेधा एम. टेक. झालेली, विषाणूला ती शास्त्रशुद्ध घाबरायची. आणलेली केळी साबणाने धुवायची. एकदा तर केळं सोलून धुतलं. नोराबाई कुंपणाच्या भिंतीवर घरचा ब्रेड ठेवून जात. तो मेधा हातमोजे घालून थेट कचऱ्यात टाकी आणि खिडकीतून 'फार छान होता' अशी खूण करी.

टेबलक्लॉथचे व्हिडिओ मात्र ती न चुकता मराठी ग्रुपवर टाकी. 'झेंडेवाल्या आजी' तिथे भलत्याच लोकप्रिय झाल्या.

"आजींना सांगा, टायटॅनिक गेली," राजीवने लिहिलं.

"मेधा, धमाल आहेस तू," देवयानीने लिहिलं. "तू नसतीस तर आम्हाला वेड लागलं असतं गं!"

मेधाने हसऱ्या चेहऱ्यांची रांग टाकली. फोन खाली ठेवला आणि खिडकीतच उभी राहिली. नीहू रडून रडून झोपली, तरी उभीच.

मग एका मंगळवारी गाडी आली आणि टेबलक्लॉथ आला नाही. मेधाने ग्रुपवर टाकलं, "आज आजींची सेवा खंडित. प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी." ग्रुप हसून लोळला.

बुधवारीही खिडकी बंद. मेधाने ग्रुपवर काही टाकलं नाही. तिने सिद्धांतला फोन केला.

"तू जाऊ नकोस हं," तो म्हणाला. "कोणाच्या घरी जायला बंदी आहे. बाळ आहे घरात. पोलिसांना कळव."

तिने नंबर लावायला घेतला आणि थांबली. म्हातारी पडली असेल. कालपासून पडली असेल, आणि आपण नोंद घ्यावी म्हणालो. तिने नीहूला छातीशी बांधलं, मास्कवर मास्क चढवला आणि चपला शोधू लागली. सापडेनात. कित्येक आठवड्यांत त्या लागल्याच नव्हत्या. शेवटी सिद्धांतचे बूट घालून ती निघाली.

दारावर टकटक केली, आणि दार असं उघडलं की जणू कोणी कडीवर हात ठेवूनच उभं होतं. नोराबाई ठणठणीत. मागे किटली शिट्टी मारत होती.

"बऱ्या आहात ना तुम्ही?" मेधा ओरडलीच.

"मला काय धाड भरलीय? किती उशीर केलास गं! चहासोबत केलेले कालचे स्कोन एकटीने संपवावे लागले मला."

"मग टेबलक्लॉथ?"

"इस्त्री करून कपाटात ठेवलाय. हलवून तू काही येईनास. म्हटलं, न हलवून बघावं."

नोराबाईंनी नीहूचं पाऊल सहज मुठीत घेतलं.

"एकोणिसाव्या वर्षी कासलबारहून बोटीच्या गाडीने आले मी. पोरी रडत होत्या, मी अख्खा डबा हसवत होते. या खिडकीत एक बाई टेबलक्लॉथ फडकवत होती. ज्यांच्या आया निरोपाला नाहीत, त्यांच्यासाठी. तिची सगळ्यांत जास्त टिंगल मी केली. तर ती खाली स्टेशनात आली, रडणाऱ्या साऱ्यांना ओलांडून, आणि मनगट धरलं ते माझंच."

"तुमचंच का?"

"तिकीट न्यूयॉर्कचं होतं, लव्ह. पण तिथवर पोचायचा माझा विचार नव्हता."

मेधा हसायला गेली. जमलं नाही.

"गाडी बघणारी माणसं गाडी गेली की आत जातात," नोराबाई म्हणाल्या. "तू तशीच उभी असतेस. पाण्याकडे बघत."

त्यांनी हात पुढे केला. मेधाने तो धरला तो बराच वेळ सोडला नाही. चहा झाल्यावर मेधासाठी डॉक्टरांचा नंबर नोराबाईंनीच लावला.

संध्याकाळी ग्रुपवर एकच गलका. आजींचं काय झालं? आजी बऱ्या आहेत ना? आजींना जपा हं! मेधाचं कोणी विचारलं नाही. बोलूनचालून ती धमाल होती.

तर वाचकहो, तुमच्याही ग्रुपवर अशी एक धमाल असेलच. मेसेज नका करू, ती 'मस्त चाललंय' म्हणेल. जाऊन तिचं दार वाजवा.