खात्रीचा आवाज

अनोळखी नंबर परत वाजला तेव्हा काशी पडवीत बांगडे साफ करत होती. हात रक्ताने माखलेले. तिने धाकट्या अजिंक्यला डोळ्यांनी खुणावलं. त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि गप्प उभा राहिला. आधी आपण बोलायचं नाही, हा घरातला नियम.

“आये, मी संदेश.”

आवाज थोरल्याचाच होता.

नियम संदेशनेच घालून दिला होता. परदेशात कॉम्प्युटरच्या नोकरीला निघण्याआधी त्याने आई-भावाची शाळाच घेतली होती. पासपोर्टचा फोटो कुणाला पाठवायचा नाही. विमानतळावरच्या फुकटच्या नेटला हात लावायचा नाही. तिकिटाचा फोटो स्टेटसला टाकतो तो गाढव. आणि हल्ली मशीन माणसाचा आवाज हुबेहूब काढतं, तेव्हा आवाजावर तर मुळीच जायचं नाही. घरातल्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारायचं.

आळीतल्या निम्म्या घरांना कुणी ना कुणी फोनवरून नागवलं होतं. काशीला नाही. पोलिसाच्या नावाने आलेल्या फोनला तिने मासळीबाजारातली ठेवणीतली शिवी हासडली होती.

पण गणपती गेले आणि संदेशचा फोन बंद झाला. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पोरगा जिवंत आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं.

“संदेश असशील तर सांग,” ती म्हणाली. “बापाचं नवं जाळं कुणी फाडलं?”

लहानपणी होडीखाली संदेशचा पाय जाळ्यात अडकला होता. नाकातोंडात पाणी गेलेलं. अजिंक्यने सुरीने जाळं कापून त्याला वर काढला. बाप मारील म्हणून मायलेकांनी सगळं मोठ्या माशावर ढकललं. बाप वारला, तरी ती गोष्ट उंबऱ्याबाहेर गेली नव्हती.

अजिंक्यचा अंगठा लाल बटणापाशी गेला.

“अजूने,” पलीकडचा म्हणाला. “माझ्यासाठी कापलं.” आणि हमसून रडायला लागला.

काशीनेही तशाच हातांनी डोळे पुसले.

मग त्याने सगळं सांगितलं. फोन हरवला होता, आता कुठे नवा मिळाला. काम बरं आहे. कंपनीला आणखी एक विश्वासाचा माणूस पाहिजे, अजूला पाठव, तिकीट कंपनीच काढील. आणि मी कुठे आहे ते कुणाला बोललीस काय, असं त्याने विचारलं.

“नाय रे बाबा. कोणी विचारलं तर सांगते, बोटीवर हाय.”

“बरं केलंस. अजूचंपण तसंच सांग.”

अजिंक्यचं मन घेत नव्हतं. होडी सोडून कुठे जायचं, म्हणाला. दादाला एकदा व्हिडिओवर ये म्हण, म्हणाला. काशी भडकली.

“बरोबर उत्तर दिलान ना त्याने? आता सख्ख्या भावाच्या हाताचे ठसे मागतोस?”

पोरगा गेला. दादाची शिकवण त्याने अक्षरशः पाळली. स्टेटस नाही, फोटो नाही, मित्रांना पत्ता नाही. एस्टीत बसतानासुद्धा कुणी विचारलं तर मुंबईला मामाकडे म्हणून सांगितलं. अजिंक्य कुठल्या देशात गेला हे अख्ख्या रत्नागिरीत एकट्या काशीला ठाऊक.

पोचल्यावर त्याचा एकच निरोप आला. दादा न्यायला आलाय.

मग काहीच नाही. या खेपेला काशीने जिवाला घोर लावून घेतला नाही. पाठीराखा भाऊ सोबत होता.

शिमग्याला पालखी नाचत असताना रिक्षा दारात थांबली. संदेश उतरला. गालफडं बसलेली, एका हाताची बोटं वाकडी. काशीने धावत जाऊन त्याला छातीशी धरला आणि त्याच्या खांद्यावरून रिक्षात पाहिलं. रिक्षावाल्याने एकच बॅग काढून ठेवली आणि गाडी वळवली.

“अजू मागनं येतोय?”

संदेश उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“तिथे डांबून फोनवरनं लोकांना नागवायला लावतात. आत गेलेल्याला सोडत नाहीत, आये,” तो म्हणाला. “आपल्या जागी दुसरा आणून द्यावा लागतो.”